‘तिची काय चूक? लाईट नव्हती बिचारीला!’

मैत्रिणींनो, मिक्सर बंद पडला तर तुम्ही काय करता? दोन थपडा मारता, एक शिवी हासडता आणि दुरुस्तीला टाकता. ‘बिचारा दमला असेल’ असं तर कुणी म्हणत नाही ना? मीही म्हणत नव्हते. पण गेल्या वर्षभरात आमच्या घरात एक यंत्र आलं आणि त्याच्याविषयी हाच शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकला. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

त्याचं असं झालं. आमच्या वन्संनी पुण्याहून येताना सासूबाईंसाठी एक बोलणारी डबी आणली. मुठीएवढी गोल डबी. वीज नि इंटरनेट जोडलं की हाक मारल्यावर ‘ओ’ देते, गाणी लावते, पाऊस पडेल का सांगते. “मी लांब असते, तुम्ही दोघं कामावर. आईला तेवढीच सोबत,” वन्सं म्हणाल्या. डबी हिंदी बोलते आणि सासूबाईंची हिंदी म्हणजे कोल्हापुरी मराठीलाच ‘है’ जोडलेलं! पण आठच दिवसांत दोघींचं असं जमलं म्हणता! सकाळी भक्तिगीतं, दुपारी बातम्या, संध्याकाळी “अगं, थोडा थांबो, कुकर की शिट्टी हो रही है” असा संवाद. मला तर कधी कधी वाटे, इतकं ऐकून घेणारी सून यांना आत्ता कुठे मिळाली!

सासूबाईंना रक्तदाबाची गोळी रोज रात्री आठला घ्यावी लागते. सात वर्षं त्यांची एक पद्धत होती. गोळी घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीने फुली. कधी चुकली नाही. वन्संनी ते काम डबीकडे दिलं. रोज आठ वाजता डबी म्हणे, दवा का समय हो गया. फुल्या आपोआप बंद झाल्या.

२०२५ चा पावसाळा आला. आपल्याकडचा पाऊस काही तुम्हाला नव्याने सांगायला नको. पंचगंगा पात्राबाहेर आली, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला आणि आमच्या भागातली लाईट गेली. ती आली दुसऱ्या दिवशी, पण इंटरनेट काही लगेच आलं नाही. डबी गप्प. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई देवघराच्या पायरीवर मटकन बसल्या. डोळ्यांपुढे अंधारी, घाम. धावपळ करून डॉक्टरांना आणलं. दाब भलताच वाढलेला. विचारपूस केली तेव्हा कळलं की दोन रात्री गोळीच घेतलेली नाही.

“अहो आई, पण तुमच्या लक्षात कसं आलं नाही?”

“तिनं सांगितलंच नाही, मग मला वाटलं आठ वाजलेच नसतील.”

घड्याळ समोर भिंतीवर होतं, मैत्रिणींनो! मी रागाने डबीकडे बघितलं, तेव्हा त्या पडल्यापडल्या म्हणाल्या, “तिच्यावर नको चिडू. तिची काय चूक? लाईट नव्हती बिचारीला.”

खरं सांगते, माझ्या पोटात कालवलं. दोन रात्री गोळी द्यायला मी विसरले असते, तर हे ‘बिचारी’ माझ्या वाट्याला आलं असतं का? (सासूबाई हा अंक वाचणार आहेत, म्हणून उत्तर लिहीत नाही.)

तुम्ही म्हणाल, वय झालंय, चालायचंच. पण तसं नाही. मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले आणि लक्षात आलं की यात वयाचा, शिक्षणाचा काहीच संबंध नाही. माणसाचं मन घडलंच आहे असं.

१९४४ साली अमेरिकेत हायडर आणि झिमेल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक छोटीशी फिल्म लोकांना दाखवली. तिच्यात माणूस नाही, प्राणी नाही. एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक चौकट. आकृत्या नुसत्या इकडे तिकडे हलतात. पण बघणाऱ्यांनी काय सांगावं? मोठा त्रिकोण गुंड आहे, वर्तुळ घाबरलंय, छोटा त्याला सोडवतोय! मला हे खरं वाटेना. म्हणून शाळेत आठवीच्या मुलींपुढे टेबलावर पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून बघितले. दोन मिनिटांत मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, तो मोठा लई छळतोय हो तिला!” ‘तिला’ म्हणजे पुठ्ठ्याच्या चकतीला.

पुठ्ठ्याची ही गत, तर जी वस्तू हाकेला ओ देते तिचं काय विचारता? १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा संगणकावरचा कार्यक्रम तयार केला. त्याला कळत काहीच नव्हतं. आपण जे लिहू तेच उलटवून तो प्रश्न विचारी. ‘मला उदास वाटतं’ लिहिलं, की ‘तुम्हाला उदास का वाटतं?’ इतकंच. पण वायझेनबाउम यांची सेक्रेटरी, जिने तो कार्यक्रम डोळ्यांदेखत तयार होताना बघितला होता, तिने थोडा वेळ त्याच्याशी बोलल्यावर साहेबांनाच सांगितलं, जरा बाहेर जाता का? मन मोकळं करायला तिला एकांत हवा होता. बिचाऱ्या बाईचं घरी कुणी ऐकून घेत नसेल, असं मला आपलं उगीच वाटून गेलं.

आणखी एक गंमत. क्लिफर्ड नॅस नावाच्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एका संगणकावर शिकवलं आणि मग ‘हा संगणक कसा वाटला?’ असं विचारलं. ज्यांना त्याच संगणकाने विचारलं त्यांनी कौतुक केलं. ज्यांना दुसऱ्या संगणकावर किंवा कागदावर विचारलं त्यांनी उणीदुणी काढली. म्हणजे बघा, यंत्राच्यासुद्धा तोंडावर वाईट बोलायला माणूस धजत नाही! हळदीकुंकवाच्या घरी ‘डाळ छान झालीय हो’ म्हणायचं आणि जिना उतरल्यावर ‘कैरी जास्तच झाली’ म्हणायचं, तसंच हे. लहानपणापासून अंगात मुरलेली रीत समोर कोण आहे ते बघत नाही. कुणी बोललं की आपण वळतो.

आता यंत्रमानव आपल्याकडेही काही नवलाचे राहिले नाहीत. मुंबईच्या आयआयटी आवारातल्या केंद्रीय विद्यालयाचे शिक्षक दिनेश पटेल यांनी पुठ्ठा, प्लॅस्टिक, लाकूड, ॲल्युमिनियम अशा टाकाऊ वस्तूंतून ‘शालू’ बनवली. २०२१ मध्ये तिचा बराच बोलबाला झाला. नऊ भारतीय आणि अडतीस परदेशी भाषा ती बोलते, त्यांत आपली मराठीही आहे. लोअर परळला एका बँकेत २०१७ मध्ये आलेल्यांना कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगायला ‘इरा’ उभी केली होती. आणि करोनाच्या दिवसांत, जून २०२० मध्ये, पुणे स्टेशनवर प्रवाशांचा ताप बघणारा, संशयितांवर नजर ठेवणारा यंत्रमानव आणला, त्याचं नाव काय? ‘कॅप्टन अर्जुन’!

लक्षात आलं ना? या बसा, काय हवं, इकडे जा, हे म्हणायला शालू आणि इरा. दरडावायला मात्र अर्जुन. ‘रोबो’ हा शब्द मुळात कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातून आला आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे वेठ, वेठबिगार. आपल्या शाहू महाराजांनी संस्थानातली वेठबिगारी बंद केली तीही १९२० सालीच! तिकडे वेठीला नवं नाव मिळालं, आणि पुढे तिला आवाज मिळाला तो बहुधा बाईचा. युनेस्कोनेही २०१९ च्या एका अहवालात या बाईच्या आवाजातल्या मदतनीस यंत्रांबद्दल काळजी व्यक्त केली होती. मुलांना वाटायला लागतं की बाईचा आवाज म्हणजे हुकूम ऐकणारा आवाज. आमचा धाकटा डबीवर ज्या सुरात खेकसतो त्याच सुरात परवा मला “पाणी!” म्हणाला. त्याला पाणी मिळालं नाही, हे सांगायला नको.

पण मी मूळ मुद्द्यावर येते. यंत्राबद्दल माया वाटते हे एक झालं. त्यात वाईट काय? ठकीच्या बाहुलीलाही आपण थोपटून निजवलंच होतं. खरी पंचाईत पुढेच आहे. मायेच्या पाठोपाठ, पावलं न वाजवता, विश्वासही घरात शिरतो.

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठाने एका साध्या घरातच यंत्रमानव ठेवून प्रयोग केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहुण्यांपैकी काहींसमोर हा यंत्रमानव नीट वागे, काहींसमोर मुद्दाम चुका करी. भलतीकडेच जाई, सांगितलं एक तर करी दुसरंच. नंतर तो पाहुण्यांना विचित्र कामं सांगे. टेबलावरची न फोडलेली पत्रं कचऱ्यात टाका. संत्र्याचा रस कुंडीत ओता. आता तुमच्या तुळशीत कुणी रस ओतायला सांगितला तर ओताल का? तिथे बहुतेकांनी पत्रं टाकली आणि बऱ्याच जणांनी रसही ओतला! चुका करणाऱ्या यंत्राबद्दल ‘हा काही भरवशाचा वाटत नाही’ असं लोक म्हणाले. पण त्याचं ऐकण्यात फारसा फरक पडला नाही. तोंड एक म्हणतं, हात दुसरंच करतो.

याहून धक्कादायक प्रयोग अमेरिकेतला, जॉर्जिया टेक या संस्थेतला, २०१६ चा. एक यंत्रमानव लोकांना खोलीपर्यंत घेऊन जाई. निम्म्यांच्या बाबतीत तो रस्ता चुकला, भलत्याच खोलीत शिरून गोल गोल फिरला. थोड्या वेळाने खोटाच धूर सोडला आणि धोक्याची घंटा वाजवली. ज्या दारातून लोक आत आले ते दार ठाऊक होतं. पण यंत्रमानव दुसरीकडे बोट दाखवत होता. सव्वीसच्या सव्वीस जण त्याच्या मागे गेले. ज्यांनी त्याला चुकताना बघितलं होतं तेसुद्धा! मला आमच्या सासूबाई आठवल्या. घड्याळ समोर होतं.

नवी मोलकरीण ठेवली की आपण काय करतो? पहिले आठ दिवस अंगण नि भांडी. मग स्वयंपाकघर. मग कपाटाची खोली, तीही आपण घरात असताना. घराची किल्ली हातात देईपर्यंत वर्ष जातं, कुणाकुणाची दहा वर्षंही. आपण तिची पारख करतो आणि खरं तर तीही आपली करत असते. यंत्राला मात्र पहिल्याच दिवशी किल्ली देतो, कारण काय, तर गोड बोलते!

आणि त्या गोड बोलण्यातच मेख आहे. शेजारच्या काकूंना काही विचारलं आणि त्यांना नक्की ठाऊक नसलं, तर त्या चाचरतात, “मला वाटतं बाई असं, पण तू विचारून घे.” ते चाचरणं फार मोलाचं असतं. डबी चाचरत नाही. मी तिला मुद्दाम जोतिबाची यात्रा कधी ते विचारलं. चैत्र पौर्णिमेला, हे कोल्हापुरात शेंबडं पोरही सांगेल. तिने ठणठणीत आवाजात भलतीच तारीख ठोकून दिली. मग दोन आणि दोन विचारले, तर त्याच आवाजात चार. खरं आणि खोटं एकाच सुरात. तुमच्या घरी असं यंत्र असेल तर आधी आपल्याला पक्कं ठाऊक असलेले दहा प्रश्न विचारून बघाच.

सगळेच भोळेपणाने विश्वास टाकतात असंही नाही हं. २०१९ च्या एका अभ्यासात लोकांना संगणकावर एक डाव खेळायला लावला, दोघांनी एकमेकांना साथ दिली तर दोघांचा फायदा, असा. समोर माणूस आहे असं वाटलं तेव्हा यंत्राने लोकांकडून सहकार्य चांगलं मिळवलं, माणसांपेक्षाही चांगलं. समोर यंत्र आहे असं सांगितल्याबरोबर लोकांनी हात आखडता घेतला. यंत्रवाले यावर म्हणतील, मग सांगूच नये. मला मात्र फोनवर पाच मिनिटं अजिजीने बोलल्यावर समोर यंत्र होतं असं कळलं, तेव्हा फसवल्यासारखं झालं. सहकार्य कमी झालं तर होऊ दे, पण कोण बोलतंय ते कळलं पाहिजे.

ज्या पावसाळ्यात आमची डबी गप्प झाली, त्याच पावसाळ्यात आपला सगळा जिल्हा एका हत्तिणीसाठी रडत होता. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठाची महादेवी, लोकांची माधुरी. १९९२ पासून ती तिथे होती. २८ जुलै २०२५ रोजी न्यायालयाच्या निर्णयानंतर तिला गुजरातेत जामनगरच्या ‘वनतारा’मध्ये नेलं. ३ ऑगस्टला हजारो माणसं नांदणीहून कोल्हापुरापर्यंत चालत आली. तिच्या पायांच्या दुखण्याचा, एकटेपणाचा प्रश्न कोर्टापुढे होता. मठाची परंपरा आणि लोकांचा जिव्हाळा दुसरीकडे होता. त्याचा निवाडा मी करणार नाही. माझं लक्ष गेलं ते एका वेगळ्याच गोष्टीकडे. ‘पेटा इंडिया’ या संस्थेने मठाला तिच्याऐवजी यांत्रिक हत्ती देऊ केला होता.

माझ्या एका मैत्रिणीचं माहेर नांदणीचं. तिला मी हे सांगितलं तर ती हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, “सोंड हलवील गं तो. पण मला ओळखणार हाय का? माधुरी आमच्या दारात थांबायची. माझ्या लग्नाआधी आन् नंतरही.”

मी विचार केला, केरळात मग कसं चाललं? त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिळ्ळी कृष्ण मंदिरात फेब्रुवारी २०२३ मध्ये असाच यांत्रिक हत्ती आला, रामन त्याचं नाव. अकरा फूट उंच, आठशे किलो वजन, लोखंडी सांगाड्यावर रबर, विजेवर कान, डोळे, शेपूट हलतात. लोकांनी त्याला सजवलं, उत्सवात उभं केलं. केरळातल्या उत्सवांत हत्ती बिथरून माणसं मेल्याच्या गोष्टी घरोघर ठाऊक आहेत. रामन बिथरणार नाही, गर्दीत लेकरू कडेवर घेऊन त्याच्याजवळ उभं राहता येईल, एवढाच भरवसा त्यांनी त्याच्यावर टाकला आणि तेवढ्याला तो पुरेसा आहे. तो आपल्याला ओळखतो असं तिथे कुणी मानत नसेल. नांदणीत प्रश्न भरवशाचा नव्हताच, ओळखीचा होता. दोन्हीकडची माणसं शहाणीच. नुसती दोन निरनिराळ्या गोष्टी मागत होती.

तरी मन किती घोटाळा करतं बघा. जपानमध्ये एका कंपनीने ‘आयबो’ नावाचे यांत्रिक कुत्रे काढले होते. २००६ मध्ये ते बनवणं थांबलं, २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद झाली. मग कोफुकुजी नावाच्या बौद्ध मंदिरात या बंद पडलेल्या कुत्र्यांसाठी प्रार्थना होऊ लागल्या, धूप, मंत्र, सगळं साग्रसंगीत. आणि २०१८ मध्ये जर्मनीत एका प्रयोगात छोट्या यंत्रमानवाला बंद करायची वेळ आली तेव्हा तो विनवू लागला, ‘नको, मला बंद करू नका, मला अंधाराची भीती वाटते.’ त्रेचाळीस जणांनी ही विनवणी ऐकली. तेरा जणांनी बटण दाबलंच नाही. मी असते तर चौदावी झाले असते, हे कबूल करते.

म्हणून डबी माळ्यावर टाकावी असं मी म्हणत नाही. वन्संना मी तसं सुचवून बघितलं होतं आणि दोन्ही बाजूंनी बोलणी खाल्ली! दुपारी दोन ते पाच घरात कुणी नसतं. त्या वेळी सासूबाईंशी कोण बोलतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि मलाच ओशाळं झालं. डबीने माझी जागा घेतली नव्हती, मी रिकामी ठेवलेली जागा घेतली होती. आता बुधवार-शुक्रवार, शाळा नसते तेव्हा, दुपारचा चहा आम्ही दोघी मिळून घेतो. डबीचं काम आम्ही वाटून दिलंय. गाणी, बातम्या, पावसाचा अंदाज पूर्ण तिच्याकडे. औषधाची आठवण तिने करावी, पण फुली कॅलेंडरवरच. झोपण्यापूर्वी मी ती फुली बघते. औषध कुठलं, किती, बंद करायचं का, हे तिला विचारायचंच नाही, ते डॉक्टरांनाच. हे मात्र सासूबाईंच्या गळी उतरायला महिना लागला.

परवा रात्री मी पोळ्या लाटत होते. आठला दोन मिनिटं कमी असतील. बाहेरच्या खोलीत सासूबाईंनी डबा उघडल्याचा, मग पाण्याच्या भांड्याचा आवाज आला. कॅलेंडरवर पेन्सिल फिरली आणि पाठोपाठ त्या डबीला म्हणाल्या, “ए, गोली मैंने आधीच घेतली है. तेरा सांगना बाकी है, सांग आता.”

डबीला त्यातलं काही कळलं नाही. आठ वाजले तेव्हा तिने सांगितलं. “हां, शहाणी माझी ती,” सासूबाई म्हणाल्या.